उरलेला ऑक्सिजन

बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायचं काम घरात माझ्यावर आलं, कारण गाड्या हा माझा धंदा. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, “तू काहीतरी गाडीचंच कारण काढ, तुझं ऐकतील.” मी म्हटलं, “आणि तू काय काढणार?” तर त्याने तिकीट काढूनही ठेवलं होतं. रविवारी सकाळी उतरणार, सोमवारी बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार, गाडी कुणाला तरी देऊन टाकणार आणि परत जाणार. सगळं परस्पर ठरवून झाल्यावर मला विचारतोय, “बरोबर आहे ना?”

चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येईना, त्याचीच तर चीड येत होती. बाबा दर आठवड्याला भोपाळच्या दुसऱ्या टोकाला, करोंदच्या मंडीत जायचे. गहू तिथला, कांदे-बटाटे तिथले. आमच्या इंद्रपुरीत दाराशी भाजीवाला येतो, पण त्याचं नाव काढलेलं चालायचं नाही. त्या आठवड्यात ते मंडीतून निघाले आणि भानपूरच्या पुलाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेऊन बसून राहिले. इंजिन चालू, चष्मा मांडीवर. एका पेरूवाल्याने काचेवर टकटक केली, त्यांच्या फोनवरून मला फोन लावला आणि म्हणाला, “दीदी, बाऊजी को घर का रस्ता याद नहीं आ रहा.” मी स्कूटर काढून कशी पोचले ते मला आठवत नाही. बाबा मला बघून म्हणाले, “गाडी गरम झाली होती, म्हणून थांबलो.” तापमानाचा काटा बघितला तर बरोब्बर मध्यावर. जन्मात कधी रीडिंगच्या बाबतीत खोटं न बोललेला माणूस माझ्या तोंडावर खोटं बोलला, आणि मी “हो का” म्हटलं.

त्याआधीही बारीकसारीक घडत होतंच. शेजाऱ्यांच्या ओट्याला गाडी घासली. मंडीतून आले की डोकं धरून झोपायचे, कुणी काही विचारलं तर वसकन अंगावर यायचे. गाडी सकाळी टिकटिक करते असं सांगायचे, आणि ती टिकटिक दुसऱ्या कुणालाच ऐकू यायची नाही. दादाने फोनवर या सगळ्याची बेरीज केली आणि उत्तर सांगितलं. “बाबा चाललेत गं,” म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

आता किल्लीचं सांगते. किल्ली बाबा कुणाला देत नसत. आईला नाही, दादाला नाही, मी गाड्यांची डॉक्टरीण म्हणवते तर मलाही नाही. झोपतानासुद्धा बंडीच्या खिशात असायची. गाडी धुवायची असली तरी ते स्वतः येऊन दार उघडत आणि किल्ली परत खिशात टाकून बाजूला उभे राहत. ही गाडी त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत घेतलेली. तेव्हा आम्ही पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो. कारखान्यातून आले की फाटकापाशी थांबून दोनदा बारीक हॉर्न वाजवायचे, आणि आई हातातलं टाकून फाटक उघडायला जायची. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, तसं सोडलं आणि सगळे येतात तसे इंद्रपुरीत आलो. इथे फाटक नाही, गाडी गल्लीतच लागते. तो हॉर्न तेव्हापासून बंद झाला.

बाबा कारखान्यात टेस्टिंगला होते. एवढाली यंत्रं तयार झाली की बाहेर पडण्याआधी बाबांच्या समोरून जायची. ते मीटरच्या काचेवर आधी नखाने टक्‌ करून मारायचे, काटा अडकलेला नाही ना ते बघायचे, आणि मगच आकडा वाचायचे. घरीसुद्धा तेच. आमच्याकडे थर्मामीटरने सांगितल्याशिवाय कुणाला ताप आलेला नसायचा. आई बिचारी “मला कसंतरीच होतंय” म्हणाली की बाबा विचारायचे, “म्हणजे किती?” मी त्यांचीच मुलगी. पुण्याला इंजिनांची नोकरी केली, परत आले, गोविंदपुऱ्यात ट्यूनिंगचं गॅरेज टाकलं. माझाही विश्वास आकड्यावर. माणूस काय, काहीही बोलतो.

तर गाडी देऊन टाकायचीच आहे, निदान नीट तरी करून देऊ, असं मी घरात सांगितलं. बाबांना सांगितलं, “सर्व्हिसिंगला आणा.” ते स्वतः चालवत घेऊन आले. काचा बंद, हीटर चालू, कानाला मफलर. उतरताना दाराला धरून क्षणभर उभे राहिले. मग किल्ली माझ्या हातात न देता गाडीलाच ठेवली आणि माझ्या स्टुलावर येऊन बसले.

“हल्ली ॲव्हरेज देत नाही,” म्हणाले. “पेट्रोल पिते नुसती.”

मी लॅपटॉप जोडला. इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीवर बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. त्याचं काम एकच. जळून झाल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते सांगायचं. पेट्रोल किती गेलं हे त्याला ठाऊक नसतं, हवा किती आली हेही नसतं. ऑक्सिजन उरलेला दिसला की गाडीतला कॉम्प्युटर समजतो, पेट्रोल कमी पडलं, वाढवा. उरला नाही तर समजतो, जास्त झालं, कमी करा. आमच्या भाषेत पहिलं लीन, दुसरं रिच. असं सतत चाललेलं असतं, त्यामुळे चांगल्या गाडीची रेघ स्क्रीनवर सारखी वर-खाली, वर-खाली नाचत असते. नाच थांबला की समजायचं, दुखणं आहे.

बाबांच्या गाडीची रेघ खाली जाऊन चिकटली होती, म्हणजे ऑक्सिजन उरतोय. लीन. कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवून वाढवून थकला होता. जास्तीत जास्त जेवढं वाढवायची त्याला मुभा असते, तेवढं वाढवून बसला होता, आणि रेघ काही उठत नव्हती. मी मनात म्हटलं, सोपं आहे, पेट्रोल कमी येतंय. पंप किंवा फिल्टर. मग ठिणगी पाडणारे प्लग उघडले.

प्लग काळेकुट्ट. चुलीवरच्या भांड्याच्या तळासारखे. पेट्रोल कमी पडणाऱ्या गाडीचे प्लग पांढरे पडतात. काळे पडतात ते पेट्रोल जास्त झालं की. म्हणजे सेन्सर म्हणतोय उपाशी आहे आणि प्लग म्हणतोय अजीर्ण झालंय. माझं डोकं फिरलं. सेन्सरच मेला असणार म्हणून नवा लावला. नव्यानेही तेच सांगितलं, अक्षरही इकडचं तिकडे न करता. मी पाना बाकावर आपटला.

बाबा उठून आले. प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग वाकून लॅपटॉपच्या स्क्रीनवर नखाने टक्‌ केलं. मला हसू आलं.

“बाबा, ह्यात काटा नाही अडकायला.”

“दोघंही खरं बोलत असतील,” ते म्हणाले. “आपण ऐकतोय ते चुकत असेल.” परत जाऊन बसले. बसल्या बसल्या थोड्या वेळाने विचारलं, “प्लग उघडून बघितलेस का?”

मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघितलं. ते साधेपणाने उत्तराची वाट बघत होते. “बघितले,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवून रेघ बघायचं ठरवलं. उभ्या गाडीत एक दिसतं, चालत्या गाडीत दुसरं. लॅपटॉप बघत गाडी चालवता येत नाही, म्हणून चालवायला बाबाच हवेत, असं मी आईला सांगितलं. ते खरंच होतं. पण मला बाबांनाही बघायचं होतं. आईने मला दारात धरून हळूच विचारलं, “त्यांना देतेस चालवायला?” मी म्हटलं, “मी आहे ना शेजारी.” शेजारी बसून मी काय करणार होते ते देवाला ठाऊक. हँडब्रेकवर हात ठेवून बसले होते, एवढंच.

धुकं होतं, चांगली हुडहुडी भरलेली. बाबांनी काचा लावल्या, हीटर सोडला. पूर्वी आई बरोबर असायची. तिला गाडी लागते, म्हणून ती मागे बसायची आणि भर थंडीतही काच खाली करायची. त्यावरून दोघांचं करोंदपर्यंत वाजत असायचं. तिचा गुडघा बदलला तेव्हापासून तिचं मंडीत जाणं बंद झालं होतं आणि बाबांची काच वर राहायला लागली होती. बाबा खूश होते.

निघताना मी कान देऊन ऐकलं. इंजिन थंड असताना खरंच टिकटिक येत होती, अगदी बारीक, दाराजवळच्या घड्याळाची यावी तशी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत दबली. माझे कान टवकारले गेले. दादाच्या यादीतलं एक कलम तिथेच गळून पडलं होतं.

बायपासला लागेपर्यंत बाबा उत्तम चालवत होते. ट्रकला वाट दिली, खड्डा चुकवला, आरशात बघितलं. माझा एक डोळा स्क्रीनवर, एक बाबांवर. आणि स्क्रीनवर एक गंमत दिसली. गाडी हळू झाली, सिग्नलला थांबली की रेघ खाली. मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की रेघ उठते आणि नाचायला लागते. परत हळू, परत खाली. पेट्रोल कमी पडत असतं तर उलट झालं असतं. जोर लावल्यावर कमी पडलं असतं, उभं असताना नाही.

“बाबा, पुढच्या सिग्नलला थांबलात की नुसतंच चालू ठेवा इंजिन.”

“कुठल्या?”

“पुढच्या.”

सिग्नल लाल होता. थांबलो. रेघ खाली बसली. हिरवा झाला तरी बाबा हलले नाहीत. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी म्हटलं, “बाबा, चला.” ते दचकले, निघाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “आपण जातोय की येतोय?”

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा लालसर दिसत होता, डोळे समोर पण कुठेच नाहीत. मला वाटलं, झालं, दादा म्हणतो तेच खरं. हात हँडब्रेकवर घट्ट धरला. “जातोय,” म्हटलं, आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणकत होतं. मळमळत होतं. मला गाडी लागत नाही. जन्मात कधी लागली नाही. दिवसभर गाड्यांत असते मी.

मग डोक्यात लख्ख झालं. आईला गाडी लागते. आई काच उघडते.

“बाजूला घ्या,” मी म्हटलं. “आत्ता. बाबा, बाजूला घ्या.” हात लांबवून हीटर बंद केला, माझी काच खाली केली, त्यांच्या अंगावरून वाकून त्यांचीही केली. ते चिडले, “थंडी आहे, वेड लागलं का?” पण गाडी बाजूला घेतली. मी इंजिन बंद केलं, त्यांना उतरवलं, रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. दोघंही धुक्यात बसून श्वास घेत राहिलो. बायपासवरून जाणारे लोक बघत होते. बघोत.

घडत होतं ते असं. धुराची नळी इंजिनाला जिथे जोडलेली असते तिथे सांधा गळत होता, सेन्सरच्या अलीकडे. सकाळची टिकटिक त्याचीच. इंजिन हळू चालतं तेव्हा त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो खरंच असतो, पण इंजिनातून उरलेला नसतो, बाहेरून घुसलेला असतो. कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडलं, आणि ओततो. मग ते धड जळत नाही, प्लग काळे होतात, धुरात विष वाढतं. आणि हवा जिथून आत जाते तिथूनच तो धूर बाहेरही येतो, बॉनेटखाली साचतो, आणि हीटर तो ओढून आत सोडतो. बाबांचं नाक करोनात गेलं ते परत आलं नव्हतं. माझं नाक रोज त्याच वासात मुरलेलं. त्या गाडीत वास ओळखणारं एकच माणूस होतं आणि ते गुडघा धरून घरी बसलं होतं.

भोपाळमध्ये आपल्याहून मोठ्या माणसासमोर गॅस हा शब्द काढताना जीभ अडखळते. मी बाबांना “धूर” म्हटलं. “गाडीत धूर येतोय बाबा. डोकं त्यानं दुखतं. रस्ता त्यानं विसरलात.” त्यांनी कानाचा मफलर सोडला. मग म्हणाले, “सांधा उघडून बघितल्याशिवाय बोलू नकोस.”

गाडी ओढून गॅरेजला नेली, सांधा उघडला. सांध्यात बसवतात त्या पातळ पत्र्याच्या, गॅस्केटच्या, कडेला काजळीची पंख्यासारखी खूण उमटलेली होती, अगदी पुस्तकात दाखवतात तशी. मी बाबांना हाताला धरून आणून ती दाखवली. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं. एका फाटक्या पत्र्यापायी माझ्या बापाला वेड्यात काढत होते सगळे.

दादाला तिथूनच फोन लावला. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. “मेंदूचा फोटो काढायचाच असेल तर तुझा काढ,” म्हटलं. “गाडीत कार्बन मोनॉक्साइड भरत होता, आणि तू त्यांना घालवायला निघालास.” सोमवारची डॉक्टरांची वेळ मीच रद्द केली. दादा एवढंच म्हणाला, “खरं असलं तर बरंच आहे गं.” त्या ‘असलं तर’चा मला पुन्हा राग आला.

घरी जेवताना मी सगळी कथा आईला पहिल्यापासून सांगितली. ती पोळी वाढत ऐकत होती. म्हणाली, “चांगलं झालं.” आणि थोड्या वेळाने, बाबा हात धुवायला उठल्यावर, खाली बघत म्हणाली, “पण दिवसभर ते गाडीत नसतात ना.”

“म्हणजे?”

“काही नाही. दुधाचं वगैरे. परवा दोनदा दूध आणलं.”

“आई, तो धूर रक्तात राहतो. लगेच जात नाही. सगळं त्याच्यामुळेच आहे,” मी म्हटलं. ती ताटं उचलायला लागली. आमच्या घरात आकड्यापुढे बोलायची तिला सवयच नव्हती.

बाबा हात पुसत आले. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते टेबलाशी बसले आणि टेस्टिंगमध्ये बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “एक फॉल्ट सापडला की माणूस शोधायचं थांबतो. दुसरा तिथेच बसलेला असतो. दुरुस्तीनंतर टेस्ट परत घ्यायची. सगळं तसंच ठेवून. तोच रस्ता, काचा बंद, हीटर चालू. मी चालवणार.”

“काही गरज नाही.”

“आहे,” ते म्हणाले. बंडीच्या खिशावर त्यांचा हात होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते गाडीबद्दल बोलत नव्हते. पेरूवाल्याने काचेवर टकटक केली त्या दिवसापासून हा माणूस एकटाच घाबरून बसला होता, आणि आम्हाला वाटत होतं की त्याला काही कळत नाही.

नवं गॅस्केट बसवलं, सांधा आवळला, साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा नाही. इंजिन चालू करून धुराची चौकशी करणारं यंत्र गाडीच्या आत ठेवलं, काचा लावून, हीटर सोडून. आत काही नाही. कॉम्प्युटरला जुनं सगळं विसरायला लावलं. सकाळची टिकटिक गेली. शनिवारी दुपारी, ऊन पडल्यावर, आम्ही निघालो. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. त्याला स्टेशनवरून आणायला बाबा स्वतः गाडी घेऊन जातील, हे दृश्य मी मनात बघूनही ठेवलं होतं.

जाताना मला भीती वाटत होती हे कबूल करते. प्रत्येक सिग्नलला मी श्वास रोखून बसले. हिरवा झाला की बाबा निघत होते. भानपूरचा पूल आला, त्याच्या पायथ्याशी पेरूची हातगाडी उभी होती. बाबांनी तिकडे मान वळवून बघितलं, पुढे गेले. करोंदला त्यांनी गाडी लावली, कांद्यांचं ओझं स्वतः डिकीत टाकलं, भावावरून घासाघीस केली, आणि मंडीवाल्याची चूक काढून दाखवली. डोकं दुखत होतं का? नाही. मी विचारलं, “आता जातोय की येतोय?” ते हसले. “येतोय,” म्हणाले. “मला काय खुळा समजतेस?”

माझा जीव भांड्यात पडला. परतीच्या वाटेला मी त्यांच्यावरचा डोळा काढला आणि दोन्ही डोळे स्क्रीनवर लावले. अशी रेघ बघायला मिळणं हे आमच्या धंद्यातलं सुख आहे. वर-खाली, वर-खाली, एका लयीत, सिग्नलला तशीच, बायपासला तशीच. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नव्हता, घटवत नव्हता. गाडीला काही म्हणजे काही नको होतं. मी बाबांना तोंडाने सांगत होते, “आता बघा, हळू झालात तरी नाचतेय. आता बघा.” ते “हं, हं” करत होते. गाडी सावलीतून चालल्यासारखी वाटत होती, स्क्रीनवर झाडांची छाया सरकत होती. आमच्या इंद्रपुरीच्या रस्त्याला सावली धरण्याएवढी झाडं नाहीत. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रेघ सुंदर होती आणि मी रेघ बघत होते.

गाडी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मग बाबांनी दोनदा बारीक हॉर्न वाजवला.

मी मान वर केली. समोर पिपलानीतलं आमचं क्वार्टर होतं. फाटकाचा रंग बदललेला. दोरीवर कुणाच्या तरी शाळेचे कपडे वाळत होते. बाबांनी लावलेलं पेरूचं झाड घराच्या वर गेलं होतं.

“बघ,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. “तुम्ही उगाच घाबरवता. आलो की नाही सरळ घरी?”

मी काच बघितली. माझी काच अर्धी खाली होती. निघतानाच मी ती चोरून उघडली होती, हवा यावी म्हणून. धुराच्या यंत्राकडे बघितलं. शून्य. रेघ वर-खाली होत होती, कुठेही चुकत नव्हती. सेन्सर खोटं बोलतोय असं कुणीतरी मला सांगावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आतून एक अनोळखी बाई ओढणीला हात पुसत व्हरांड्यात आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघून भुवया आक्रसल्या, मग माझ्याकडे वळले. “आई कुठे गेली?”

“येईल,” मी म्हटलं. “गाडी बंद करा बाबा.”

त्यांनी गाडी बंद केली. स्क्रीनवरची रेघ थांबली. मी हात पुढे केला आणि म्हटलं, “किल्ली द्या.”

त्यांनी लगेच दिली, आणि फाटक उघडायची वाट बघत समोर बसून राहिले.